चौके–कट्टा रस्त्यावरची बिननावाची नर्सरी: आधी जागा विचारतात, मग झाड देतात

मालवण–कणकवली गाडीवर मी अकरा वर्षं कंडक्टर आहे. चौके सोडलं की कट्टा येण्याआधी एका वळणावर जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, लागते. त्यावर पत्र्याचा फलक, आणि फलकावर पांढऱ्या रंगात तीनच शब्द: येथे कलमे मिळतील. नाव नाही, फोन नंबर नाही. थांबाही नाही, पण हात दाखवला की आमची गाडी थांबते, आणि त्या वळणावर चढणाऱ्याच्या हातात नेहमी काहीतरी हिरवं असतं.

आत न जाता अकरा वर्षं मी त्या नर्सरीचं वेळापत्रक पाठ केलं होतं. मिरगात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागलं की, आंबा, काजू, फणसाची कलमं. श्रावणात तुळस, जास्वंद, अनंत. दिवाळीच्या सुमाराला शेवंतीच्या कुंड्या. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर बायका दोघी-तिघी मिळून येतात, आणि परतीला मागच्या सीटखाली पिशव्या लावून ठेवतात. एकदा एक आजोबा माडाचा कवाथा, म्हणजे नारळाचं रोप, घेऊन चढले. स्वतः पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना प्रवास फुकट. कवाथा शेजारच्या सीटवर उभा केला आणि त्याचं हाफ तिकीट द्या म्हणाले. मी नको म्हटलं, पण त्या दिवसापासून एकदा तरी त्या वळणावर उतरायचंच, हे मनात होतं.

उतरायला कारण मिळालं ते कोकमामुळे.

आमचं घर वायरीला, समुद्र पाच मिनिटांवर. २०१४ च्या पावसात गावात एक टेम्पो झाडं विकायला आला होता. त्याच्याकडून मी 'कोकमाचं कलम' म्हणून एक रोप घेतलं. रेतीत लाल माती आणून ओतली, शेण घातलं, पहिले दोन उन्हाळे चुडताची (माडाच्या झावळांची) सावली केली. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमचा शेवगा गेला, एक माड कलला, न्हाणीवरची कौलं उडाली, पण कोकम उभं राहिलं. दुसऱ्या वर्षी ते फुललं. घोसाघोसाने फुलं आली आणि सगळी गळून गेली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एक नाही. सासूबाई रोज झाडाखाली जाऊन वर बघायच्या. मी खत बदललं, पाणी वाढवलं, कुणीतरी सांगितलं म्हणून खोडाजवळ मीठही घातलं. (मीठ घालू नका. रेतीतल्या झाडाला तर मुळीच नको.) शेवटी तोडायचं ठरलं होतं.

गेल्या वर्षी, गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढली आणि नर्सरीत गेले. कोकमाचं दुसरं कलम आणायचं आणि घरापुढची जागा कशी लावायची याचा अंदाज घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं.

नर्सरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हिरवं शेडनेट, खाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, कोपऱ्यात सिमेंटच्या कुंड्या. इथेही शेडनेट आहे, पण ते मागे. फाटकातून आत गेलं की आधी बाग लागते. दोन्ही बाजूंना जुनी मंगलोरी कौलं निम्मी पुरून वाफ्यांना कड केलेली. कौलांच्या आत अबोली, तिच्या मागे तगर, तगरीच्या मागे अनंत. उंची पायरीपायरीने वाढत जाते, त्यामुळे पुढचं झाड मागच्याला झाकत नाही. गडग्याच्या फटींत नेचे उगवलेत, ते कुणी उपटलेले नाहीत. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण आहे. तिच्यात कमळाचे दोन गड्डे लावलेत, आणि डासांसाठी बारके मासे सोडलेत. न्हाणीचं पाणी पन्हळीने केळीकडे जातं, तिथून उरेल ते अळवाला. कुठेही काँक्रीट नाही, पायवाटसुद्धा चिऱ्यांची.

आणि मोठी झाडं. माझ्या मते या जागेची खरी किंमत तीच. ज्या झाडाची काडी घेऊन कलम बांधतात ते मातृवृक्ष इथे फळाफुलांसकट समोर उभे आहेत. हापूस, रत्ना, फणस, जायफळ, काजू, कोकम. पिशवीतलं वीतभर कलम हातात घ्यायचं आणि मान वर करून बघायचं की पुढे पंधरा-वीस वर्षांनी हे केवढं होणार, सावली कुठवर पडणार, खाली काय वाढू शकणार. वायरीतल्या माझ्या साडेतीन गुंठ्यांत कागदावर मी आठ मोठी झाडं काढली होती. त्या आंब्याखाली उभी राहिले आणि तिथेच पाच खोडली.

नर्सरी चालवतात त्या वहिनी साठीच्या आसपासच्या असतील. मी गणवेशात नव्हते तरी त्यांनी ओळखलं. खुर्ची दिली, तांब्या-भांडं आणलं. मी म्हटलं, कोकमाचं कलम हवं. त्यांनी पिशव्यांकडे बघितलंही नाही.

"गो बाय, खंय लावतलस ता आदी सांग."

मग चौकशी. माती कसली? रेती किती खोल? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं काय? वारा कुठून येतो, मध्ये घर आहे की मोकळंच? दुपारचं ऊन कुठल्या बाजूला? डॉक्टरसुद्धा हल्ली इतकं विचारत नाहीत. सांगता सांगता मी आधीच्या कोकमाची कर्मकथा सांगितली. त्यांनी एकच विचारलं, फुलं एकेकटी येतात की झुबक्याने? झुबक्याने, मी म्हटलं.

"तुजा झाड दादलो आसा."

कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलल्याशिवाय कळत नाही. फुलायलाच सात-आठ वर्षं जातात. म्हणून कोकम घ्यायचं तर मादी झाडाच्या काडीचं कलमच घ्यायचं. मला टेम्पोवाल्याने कलम म्हणून बियाचं रोप दिलं होतं. वहिनींनी एका पिशवीतलं खोड माझ्या बोटांत दिलं आणि जोड दाखवला. जमिनीपासून चार-पाच बोटांवर तिरकी सुजल्यासारखी खूण, तिच्या खालची साल वेगळी, वरची वेगळी. त्या खुणेवरून मी आता डोळे मिटूनही कलम ओळखेन. मला ही खूण २०१४ साली कुणी दाखवली असती तर, असं राहून राहून वाटतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे: कलम घेताना बोटाने जोड शोधा. जोड नसेल तर ते रोप आहे, विकणारा काहीही म्हणो.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला कुठेच ऐकायला मिळालं नव्हतं. कोकमाची काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी लागते. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगतं, पण झाड आयुष्यभर आडवंच पसरतं. बागेच्या कडेला त्यांनी मुद्दाम तसं एक ठेवलंय. दहा वर्षांचं झाड, उंची माझ्या कमरेएवढी, आणि पसारा बैलगाडीएवढा.

मी म्हटलं, मग माझं ते नर झाड तोडून टाकते आणि तिथेच हे लावते. वहिनी म्हणाल्या, "तोडू नको. शेजारणीक ईचार, तिच्या झाडाक रातांबे लागतत मा? ते तुज्या दादल्यानच लागतत." आठ-दहा मादी झाडांमागे एक नर लागतोच, नाहीतर फळ धरत नाही, असा त्यांचा हिशोब. मी घरी आल्यावर शेजारी विचारलं. तिचं झाड २०२२ पासून भरून येतं. माझं फुलायला लागलं तेव्हापासून.

त्या दिवशी मी पैसे काढले तर त्यांनी घेतले नाहीत. "आता नेव नको. मिरगात ये." एप्रिलच्या उन्हात रेतीत कलम लावलं तर मरणार, आणि मग तू परत येणार नाहीस, असं म्हणाल्या. गिऱ्हाईक दारात, पैसे हातात, आणि माल द्यायला नकार. मी रोज शेकडो माणसांशी सुट्ट्या पैशांवरून बोलते, त्यामुळे या गोष्टीची किंमत मला कळते.

निघताना त्यांनी मला सुरंगीखाली नेलं. पार मागे, गडग्याला लागून. मोसम सरत आला होता, तरी खालच्या जुन्या फांद्यांना बिलगून मोत्यांसारख्या कळ्या होत्या. सुरंगीची फुलं शेंड्याला येत नाहीत, जून लाकडालाच फुटतात. आणि वळेसर (गजरा) करायचा तर कळ्या उमलायच्या आधी, पहाटेच काढाव्या लागतात. ऊन चढलं की उमलतात, मधमाश्या घोंगावतात, आणि मग ओवायच्या कामाच्या राहत नाहीत. माझ्या सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याकडचं आसोली, सुरंगीचं गाव. ओंजळभर कळ्या वहिनींनी केळीच्या पानात बांधून दिल्या. घरी जाईपर्यंत स्कूटरच्या डिकीत त्या उमलल्या. सासूबाईंनी ते पान उघडलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या रात्री आमच्या माजघरात दुसरा कसलाच वास नव्हता.

गेल्या वर्षी पाऊस लवकर आला, पंचवीस मेलाच तळकोकणात दाखल झाला. त्यामुळे मिरगाची वाट न बघता मी जूनच्या पहिल्याच सुट्टीला गेले. आमच्या गाडीचा ड्रायव्हरही सोबत आला, त्याला पेंडूरला घराशेजारी एक आंबा लावायचा होता.

तेव्हा पडवीत कोय कलमं बांधायचं काम चाललं होतं. मी तासभर तिथेच बसले. पातेऱ्याच्या (वाळक्या पानांच्या) थरात रुजवलेल्या कोयी, त्यांतून आलेले कोंब तांबूस, पानं अजून लुसलुशीत. वहिनी कोंब कोयीपासून चार बोटांवर छाटतात, मधोमध सुरीने दोन बोटं खोल चीर देतात. दुसऱ्या हाताने मातृवृक्षाची तेवढ्याच जाडीची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात. या काड्यांची पानं आठवडाभर आधी झाडावरच छाटून ठेवलेली, म्हणजे डोळे फुगून तयार असतात. पाचर चिरेत बसली की साल सालीला लागली का ते अंगठ्याच्या नखाने चाचपायचं. वर प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची आणि पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. एक कलम बांधायला मला तिकीट काढायला लागतो तेवढाच वेळ. बोटं कोयीच्या चिकाने काळी झालेली. मी विचारलं, सगळी जगतात? "सगळी जगणत नाय. जगली तीच इकूची."

ड्रायव्हरला हापूसच हवा होता. वहिनींनी त्याला रत्ना सुचवला. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली आलेला. त्यात साका होत नाही, म्हणजे गर आतून पांढरट, कडक राहत नाही, आणि घराशेजारी लावायला झाडही आटोपशीर राहतं. तो दहा मिनिटं घुटमळला आणि शेवटी दोन्ही घेतले.

माझी खरेदी: कोकमाची दोन कलमं प्रत्येकी १२० रुपयांना, बकुळ ८०, सुरंगीचं रोप २००, मिरवेलीचे चार वेल मिळून १००, उंडीची तीन रोपं मिळून ९०. अबोलीची मुठभर रोपं तशीच दिली, वाफ्यातली उपटून. जुई मागितली तर म्हणाल्या, खाऱ्या वाऱ्यात तग धरायची नाही. मी हट्टाने घेतली, साठ रुपये दिले, आणि ऑगस्टच्या आतच ती करपली.

घरापुढच्या जागेची मांडणी वहिनींनी मातीत काडीने काढून दिली. वाऱ्याच्या बाजूला आधी उंडी, ती खारा वारा खाते. जुन्या काळी किनाऱ्यावर दिव्याला आणि होड्यांना तिचंच तेल वापरायचे, म्हणून जुन्या वाड्यांच्या टोकाला अजून उंडीची झाडं दिसतात. तिच्या आडोशाला बकुळ. बकुळीच्या आड बाकी नाजूक मंडळी. गुरं नसतील तर उंडीसोबत कणेरही चालेल, गुरं असतील तर नको, ती विषारी. मिरवेल माडावर चढवायची. मागच्या अंगाला लाखी बाग आहे, ती बघून ये, म्हणाल्या. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने ही पद्धत रुजवली: माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, माडांवर मिरी, खाली अननस. वहिनींकडे बारा माडांत ती बसवलेली आहे. भर दुपारी आत शिरले तर अंगावर गारवा आला.

रेतीत खड्डा कसा भरायचा तेही तिथेच शिकले. तळाशी नारळाची सोडणं उताणी पसरायची, ती पाणी धरून ठेवतात. त्यावर लाल माती आणि शेणखत, आणि वर पातेरा. कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. आणि जोडाच्या खालून फुटवे आले तर दिसले की खुडायचे, कारण ते खालच्या रोपाचे असतात. ते वाढू दिले तर वरचं कलम उपाशी मरतं आणि आपण पुन्हा रानटी झाड पोसत बसतो. ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली, आणि ड्रायव्हरला चारदा.

आता तक्रारी. झाडांवर नावाच्या चिठ्ठ्या नाहीत. सगळं वहिनींच्या डोक्यात. त्या बाजारात गेल्या असतील तर त्यांच्या सुनेला आंब्याच्या जाती सांगता येतात, पण काजूत वेंगुर्ला-४ कुठलं आणि वेंगुर्ला-७ कुठलं, यात ती गोंधळली. काजूचं झाड लावून तीन-चार वर्षं थांबायचं असतं, तिथे असा गोंधळ चालणार नाही. चिठ्ठ्या लावाच, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पावसात चिऱ्यांच्या वाटेवर शेवाळ धरतं. वयस्कर माणूस सोबत असेल तर हात धरून न्या. मोबाईलला रेंज नाही, तेव्हा रोख पैसे ठेवा. आणि रंगीत पानांची शोभेची झाडं त्यांच्याकडे मोजकीच, तीही बाहेरून आणलेली आणि महाग. तुम्हाला फक्त बाल्कनी सजवायची असेल तर एवढ्या लांब यायची गरज नाही. ज्याच्याकडे वाव-दोन वाव का होईना, पण स्वतःची माती आहे, त्याने यावं.

येताना सगळं सामान मी आमच्याच गाडीत आणलं, लगेजसकट तिकीट काढून. सुट्टीवर होते, त्या फेरीचा कंडक्टर दुसरा होता. त्याने सुरंगीची पिशवी स्वतःच्या पायाशी ठेवून घेतली.

आज लावून आठ महिने झाले. कोकमाच्या दोन कलमांतलं एक जुन्या नर झाडापासून वीस फुटांवर आहे. त्याने दोनदा पालवी टाकली. नवी पानं लाल, तळहातावर घेतली तर मऊ. दुसरं हळू आहे, पण हिरवं आहे. उंडी तिन्ही लागल्या. मिरवेलीतली एक गेली. सुरंगीला फुलं यायला दहा-बारा वर्षं लागतील असं वहिनींनी सांगितलंय. सासूबाई आता एक्क्याऐंशीच्या आहेत. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्या सुरंगीला घालतात, आणि आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही.

नर्सरी सकाळी आठ ते एक आणि दुपारी साडेतीन ते अंधार पडेपर्यंत उघडी असते. कट्ट्याला बाजार असेल त्या दिवशी वहिनी भेटतीलच असं नाही. एसटीने आलात तर चौके सुटल्यावर कंडक्टरला 'कलमांकडे' एवढंच सांगा, आमच्या आगारात सगळ्यांना ठाऊक आहे. जागेचा मोबाईलवर काढलेला फोटो आणि पिशवीत मूठभर तुमची माती घेऊन या, अर्धं काम तिथेच होतं. जायफळ लावायचं असेल तर तेही नर-मादी वेगळंच असतं, कलमच मागा. मी पुढच्या मिरगासाठी दोन सांगून ठेवली आहेत.